शेकडा बारा

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला तेव्हा
अर्नेस्टीन गिलरी हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालत होती.
आधी यंत्र बोललं: हा कॉल तुरुंगातून आहे,
स्वीकारायचा असल्यास एक दाबा.
तिने एक दाबला.
मग कॉर्नेलचा आवाज,
सात वर्षांचा असताना शेजाऱ्यांची काच फोडून
घरी आला होता, तेव्हाचा.
"ममा, पंधरा हजार म्हणतायत."

खात्यात चारशे चाळीस डॉलर.
फ्रीजवरच्या कॉफीच्या डब्यात
धाकटीच्या दातांच्या तारेसाठी साठवलेले काही.

श्रीव्हपोर्टमध्ये त्या वेळी सगळं मिटलेलं असतं,
चर्च, बँक, केस कापायचं दुकान.
कोर्टासमोर तेवढी जामिनाची दुकानं जागी,
हिरवा निऑन, आत पॉपकॉर्नचं मशीन.
दार ढकललं की घंटी वाजते,
बेकरीत वाजते तशीच.

थिबोडो माणूस सभ्य. खुर्ची पुसून दिली त्याने.
म्हणाला, पंधरा हजार तुम्ही भरायचेच नाहीत, मॅडम,
त्यांची हमी मी लिहून देतो.
तुम्ही मला फक्त शेकडा बारा.
अठराशे. आज सहाशे, बाकीचे हप्त्याने.
मुलगा प्रत्येक तारखेला हजर राहिला
तर कोर्ट माझ्या मागे नाही, मी तुमच्या मागे नाही.
नाही राहिला, तर
आणि "तर"च्या पुढे त्याने एक कागद सरकवला.

जमीन आणि जामीन
यांच्यात आपल्याकडे एका कान्याचं अंतर.
अर्नेस्टीनला हे कळायचं कारण नाही.
तिच्या आजोबांनी जन्मभर कापूस वेचला तो दुसऱ्याच्या मातीत.
तिने गाडी लिहून दिली: जुनी ब्यूइक,
मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही.
थिबोडोने दरवाजाचंही लिहून घेतलं.

सही इथे. इथे. इथे नुसती आद्याक्षरं.
शेवटच्या पानावर तीन रिकाम्या ओळी होत्या:
आरोपी पळून गेला तर कुणाकडे जाईल?
ती थांबली.
पॉपकॉर्न फुटत राहिले.
मग तिने लिहिलं: शार्लीन मावशी, मॅन्सफील्ड.
लिहिलं: डेझ्मन, टायरच्या दुकानातला.
तिसरं नाव त्या मुलीचं, जी आईला माहीत नाही
असं कॉर्नेलला वाटत होतं.
लहानपणी लपाछपीत तो कुठे लपलाय ते कळूनही
ती घरभर शोधल्यासारखं करायची.

पेन राहू द्या, थिबोडो म्हणाला. दुकानाचा नंबर आहे त्यावर.

सुटायला साडेपाच तास लागले.
तो बाहेर आला, बुटांच्या नाड्या प्लास्टिकच्या पिशवीत.
तिला त्याच्या कानाखाली वाजवायची होती.
तिने हीटर लावला.

पुढे दर सोमवारी फोन, मी आहे, गावातच आहे.
सहा तारखा. सहाही वेळा पुढची तारीख.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात;
ज्याला घरी बसून शहाणं राहणं परवडतं
त्याने म्हणावं.
टायरवाल्याने तिसऱ्या तारखेनंतर दुसरा पोरगा ठेवला.

नोव्हेंबरात सरकारी वकील उभा राहिला,
खटला मागे घेतो म्हणाला, आणि बसला.
बाकावर बसून तिने कोटाची बटणं लावायच्या आत
सगळं संपलं.

तो कागद घेऊन ती थिबोडोकडे गेली.
अभिनंदन, तो म्हणाला, मनापासून.
आणि पैसे?
ती फी होती, मॅडम.
तुमचे चार हप्ते राहिलेत.

तेही तिने फेडले, त्याच पेनाने रक्कम लिहून.
ब्यूइकचे कागद परत आले, कोपऱ्यावर कॉफीचा डाग.

काल कॉर्नेल स्वयंपाकघरात बसला होता,
गोदामातल्या नोकरीचा अर्ज भरत.
नाव, पत्ता भरून झालं.
मग एक चौकोन:
तुम्हाला कधी अटक झाली होती का?
हातातलं पेन त्याने फिरवून पाहिलं,
त्यावरचा नंबर वाचला.
"ममा," तो म्हणाला, "दुसरं पेन आहे का गं?"